तेराव्याच्या अलीकडे आणि पलीकडे

सांगवीत कुणी गेलं की बातमी पसरायला अर्धा तासही लागत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, खाली अंत्यविधीची वेळ आणि घाट. गल्लीतली पोरं बांबू, सुतळी, मडकं यांच्या मागे लागतात. कुणी शववाहिकेला फोन करतं, कुणी गावाकडून निघालेल्या भावकीला रस्ता सांगत बसतं. त्या घरात चूल पेटत नाही आणि पेटवावीही लागत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. तिसऱ्या दिवशी सावडायला माणसं असतात. दहाव्याला घाटावर मांडव, प्रवचनाला महाराज आणि आपल्या पिंपरी-चिंचवडच्या रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीच्या नावाखाली इच्छुक उमेदवारांची भाषणं. भाषणं सोडली तर यातल्या कशालाही नावं ठेवण्याचं कारण नाही. कुणी नेमणूक केलेली नसताना आणि कुणी शिकवलेलं नसताना पन्नास माणसं तेरा दिवस एका घराभोवती उभी राहतात, ही साधी गोष्ट नव्हे.

पण त्याच घरात आधीचे आठ-दहा महिने काय चाललं होतं, ते या पन्नासांतल्या कितीजणांना ठाऊक असतं? मोठ्या रुग्णालयात केमोचे डोस झाले, लाइट (रेडिएशन) झाले, मग एके दिवशी डॉक्टरांनी हात वर केले. ‘आता घरी न्या, सेवा करा,’ एवढं सांगून फाइल हातात दिली. सेवा करायची म्हणजे काय, ते कुणीच सांगत नाही. रात्री दोन वाजता कळ आली तर कोणती गोळी द्यायची, नाकातली नळी बुजली तर काय करायचं, पाठीला लाल चट्टा दिसला तर तो साधा आहे की उद्याची जखम, याची उत्तरं फाइलमध्ये नसतात. मुलगा चाकणला नाइट शिफ्टला. सून नोकरी सोडून घरी. शेजारी बिचकून दार ओलांडत नाहीत, कारण ‘कॅन्सर’ म्हटलं की काय बोलावं ते सुचत नाही. आणि तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी पाहुणे गाड्या काढून जातात, तेव्हा त्या घरात उरलेल्या बाईशी काय बोलावं, तेही सुचत नाही.

मरणानंतरचे तेरा दिवस आपल्याला येतात. त्याच्या आधीचे महिने आणि नंतरचं वर्ष येत नाही. ही पुस्तिका त्या दोन टोकांसाठी आहे. सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी या पट्ट्यातल्या घरांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. तिच्यात शिरण्याआधी या कामाचं कूळ थोडं सांगायला हवं, कारण पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आटोक्यात ठेवून रुग्णाला आणि त्याच्या घराला आधार देण्याचं हे काम, ही ‘काही उरलं नाही तेव्हा करायची गोष्ट’ असा समज घट्ट आहे, आणि तो फक्त रुग्णांच्या घरांतच आहे असंही नाही.

या शाखेला आजचं रूप दिलं ते लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. तिन्ही बाजूंनी रुग्णाच्या खाटेजवळ उभी राहिलेली ही बाई. तिच्या लक्षात आलं, की मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं एका जागी नसतं. हाडात कळ असते, तसं मुलीचं लग्न राहिल्याचं असतं, कर्जाचं असतं, देवावरच्या रागाचं असतं, आणि एक वाढलं की बाकीची वाढतात. त्यामुळे नुसतं इंजेक्शन देऊन भागत नाही, आणि इंजेक्शन न देता नुसता धीर देऊनही भागत नाही. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, सुरू केलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या कामाची व्याख्या केली, तेव्हा तिच्यात रुग्णाच्या बरोबरीने कुटुंब आलं, आणि आजारपणाबरोबर त्यानंतरचा शोकही आला. मृत्यूच्या दाखल्यावर हे काम संपत नाही, असं त्या व्याख्येतच म्हटलं आहे. त्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना या सेवेची गरज असते, आणि गरज असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चौदा जणांना ती मिळते.

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत उभं राहिलं. कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला ‘शांती अवेदना सदन’ सुरू केलं. त्याच्याही आधीपासून परळ-दादर भागात वेगळ्या वाटेने हेच काम चालू होतं. टाटा रुग्णालयात गावाहून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहायचे कुठे, खायचे काय, हा प्रश्न दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समिती यांनी आपला मानला. तिथे कुणी त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हटलं नाही. पण केमोनंतर ओकाऱ्या होणाऱ्या माणसाला मऊ भात आणि पाठ टेकायला जागा देणं हे त्या शास्त्रातलंच अर्धं काम आहे.

पुण्याचं नाव या इतिहासात १९९७ साली ठळक झालं. वारज्याला, मुंबई-बेंगळुरू महामार्गालगत, सिप्ला कंपनीच्या फाउंडेशनने पॅलिएटिव्ह केअर आणि प्रशिक्षण केंद्र उभं केलं. तिथे उपचारांचे पैसे घेत नाहीत. रुग्णाबरोबर घरचं एक माणूस राहतं. ते माणूस राहतं ते नुसतं सोबतीला नाही, शिकायला. ड्रेसिंग कसं करायचं, कूस कशी बदलायची, गोळ्यांच्या वेळा कशा पाळायच्या. दुखणं आटोक्यात आलं की बरेच रुग्ण घरी परततात. ‘तिथे गेला तो संपला’ असं समजणाऱ्यांना हे सांगावं लागतं, आणि सांगूनही ते पटकन पटत नाही. केंद्राची पथकं घरोघरीही जातात. सांगवीहून वारजे फार लांब नाही, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला औंध, बाणेर, चांदणी चौक ही वाट संध्याकाळच्या वेळी पार करायला लावणं म्हणजे काय, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या धडधाकट माणसांनाही माहीत आहे.

म्हणून प्रश्न खाटांचा कमी आणि वस्तीचा जास्त आहे. याचं सर्वांत चांगलं उत्तर केरळने शोधलं. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांबरोबर पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आलं, की दवाखान्यापर्यंत पोहोचतो तो रुग्ण त्यातल्या त्यात चालता-फिरता असतो. खरी गरज असलेला घरातच पडून असतो. मग मलप्पुरम जिल्ह्यात काम उलटं केलं. गावातली माणसंच जमवली. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची पोरं. त्यांना काही तासांचं प्रशिक्षण दिलं, लहान लहान वर्गणीतून पैसा उभा केला आणि नर्सला त्यांच्या आधाराने घरोघर पाठवलं. डॉक्टर लागतो, पण रोज लागत नाही. रोज लागतं ते कुणीतरी येऊन तासभर बसणं. २००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं आणि पुढे पंचायतींनी घरी जाणाऱ्या नर्सची जबाबदारी घेतली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर, २०१२ मध्ये आला.

मलप्पुरम आणि सांगवी यांत फरक आहेत, ते झाकून उपयोग नाही. तिथे गाव जुनं, माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची. इथे जुन्या सांगवीत मूळ गावकरी आहेत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून, टेल्कोतून निवृत्त झालेली माणसं आहेत, त्यांची मुलं हिंजवडीत किंवा थेट परदेशात. त्यांच्याच वरच्या मजल्यावर लातूर, बीड, परभणी, जळगावहून आलेली भाडेकरू कुटुंबं. बरं, आजारी पडलेला भाडेकरू कुठे मरतो, हाही प्रश्नच असतो. घरमालक ‘गावाला न्या’ असं हळूच सुचवतो. गावाला नेलं तर मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर शंभर किलोमीटरच्या आत सापडेलच असं नाही. इथेच गेला तर माती गावाला होते, दहावा-तेरावा तिकडेच, आणि पंधरा दिवसांनी बाई पोरांना घेऊन खोलीवर परतते तेव्हा जिन्यात भेटणाऱ्या कुणालाही तिचा नवरा गेल्याचं माहीत नसतं. तेरा दिवसांचा जो आधार मी वर सांगितला, तोही या घराच्या वाट्याला इथे येत नाही.

आणि नदी. मुळेला पाणी सोडलं की मुळानगर, मधुबन सोसायटी या भागांत ते घरात शिरतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२४ मधला पूर अनेकांच्या लक्षात आहे. अशा वेळी तळमजल्यावरच्या ऑक्सिजनवरच्या म्हाताऱ्या माणसाला कुणी, कशावर, कुठे न्यायचं, याची यादी पावसाळ्याआधी गल्लीत तयार असायला हवी. पॅलिएटिव्ह केअरच्या इंग्रजी पुस्तकांत हे प्रकरण सापडायचं नाही. आमच्यात आहे.

जमेची बाजूही मोठी आहे. सांगवी फाट्यालाच औंधचं जिल्हा रुग्णालय आणि उरो रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, भजनी मंडळं, गणेश मंडळं गल्लोगल्ली आहेत. माणसं जमवण्याची कला पिंपरी-चिंचवडला शिकवावी लागत नाही. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा अनोळखी वारकऱ्याचे पाय चेपायला रांग लागते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या पक्षाघाताच्या रुग्णाचे पाय चेपायला मात्र कुणी जात नाही, कारण तो रोजचा असतो.

आता मॉर्फिन. या पुस्तिकेतलं सर्वांत लांब प्रकरण त्याच्यावर आहे आणि ते तसंच असायला हवं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि इथून ती परदेशी औषध कंपन्यांकडेही जाते. ती पिकवणाऱ्या देशात मात्र रुग्ण विव्हळत राहिले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने नशेचा व्यापार किती थांबला ते सांगणं अवघड आहे, पण रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणं जवळपास थांबवलं, कारण एका औषधासाठी चार-पाच परवाने आणि चूक झाली तर तुरुंग. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एका परवानगीवर ही औषधं ठेवता येऊ लागली. कायदा बदलला तरी भीती बदललेली नाही. अजूनही गोळी लिहून दिली तरी घरचे ती कपाटात ठेवून देतात, ‘सवय लागेल’ म्हणून. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. पहिले काही दिवस मळमळ होते, गुंगी येते, मग ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर द्यावंच लागतं. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखेपर्यंत वाट पाहायची नसते. सहन करण्याला आपल्याकडे फार मान आहे. बाळंतपणापासून बायकांना तेच शिकवलेलं असतं, आणि मग आजीच्या तोंडाच्या कॅन्सरवरही घर तेच शिकवतं. हा मान आता काढून घ्यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गाठ ‘त्यांना सांगू नका’ ही. दारातच मुलगा डॉक्टरांना थांबवतो आणि कुजबुजतो. आत गेल्यावर रुग्ण डॉक्टरांचा हात धरून म्हणतो, ‘मला कळलंय, पण पोराला सांगू नका, खचेल.’ दोघं एकमेकांना जपत एकमेकांपासून लांब जातात. बँकेतलं नाव, जमिनीचा सातबारा, भावाशी वीस वर्षं धरलेला अबोला, सगळं तसंच राहतं. सत्य सगळं एकदम सांगावं असं इथे कुणी म्हणत नाही. रुग्ण विचारेल तेवढं, त्याला पेलेल तेवढं. पण त्याने विचारलं तर खोटं बोलू नये.

घरीच मरण यावं ही इच्छा बहुतेकांची असते. तिचा गौरव करताना थोडं थांबावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत, सामायिक संडास असलेल्या चाळीत, दोन लहान मुलांसमोर रक्ताच्या उलट्या होत असतील, तर रुग्णालयाची किंवा हॉस्पिसची खाट हीच दया आहे. ‘घरी ठेवलं नाही’ हा ठपका अशा घरावर शेजाऱ्यांनी ठेवू नये. आणि घरीच ठेवायचं ठरलं असेल तर एक कोरडी गोष्ट आधी करून ठेवावी लागते. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला ४अ नमुन्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो, आणि त्याच्याशिवाय घाटावर अडतं. तो देईल असा डॉक्टर आधी बोलून ठेवलेला नसेल, तर रात्री तीन वाजता थंड पडलेलं शरीर रिक्षात घालून कॅज्युअल्टीत न्यायची वेळ येते. तिथे ‘येण्यापूर्वीच मृत’ अशी नोंद, मग पोलीस, कधी शवविच्छेदन. महिनाभर घराने केलेली सगळी निगुती त्या चार तासांत मातीमोल होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, हेही लिहून भिंतीवर लावावं.

तेराव्याच्या पलीकडचा भाग या पुस्तिकेत शेवटी येतो, पण तो लिहिताना सर्वांत जास्त वाद झाला. शोक हा आजार नाही, त्याला ‘सेवा’ कशाला, असं काहींचं म्हणणं होतं. ते बरंचसं खरं आहे. बहुतेक माणसं आपापल्या माणसांच्या आधाराने, वेळ घेत, त्यातून चालत जातात. त्यांना समुपदेशकाकडे पिटाळणं हा आगाऊपणा आहे. पण काहींचं घड्याळ थांबतं. सहा महिने उलटून गेल्यावरही रोजचं जगणं अडून राहावं इतकी तीव्र ओढ राहिली, तर जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण आता त्याला वेगळं नाव देतं, आणि तिथे जाणकाराची मदत लागते. या दोहोंमधला फरक ओळखायला शेजाऱ्याला शिकवता येतं.

कोविडने हा धडा फार महाग दिला. २०२० आणि २०२१ मध्ये या शहरात कितीतरी माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट स्मशानात गेली. चेहरा पाहिला नाही, खांदा दिला नाही, सावडायला दोन माणसं, दहाव्याला कुणीच नाही. तेरा दिवसांची ती जुनी व्यवस्था किती काम करत होती, हे ती नसताना कळलं. त्या काळात महाराष्ट्रात एक चांगली गोष्टही घडली. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले गावचे शिक्षक आणि लेखक हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, कार्यकर्ते विधवा झालेल्या बायकांच्या घरी गेले, आणि सरकारनेही ‘मिशन वात्सल्य’ आणलं. तिथे शोकाचा प्रश्न नुसता रडण्याचा नव्हता. वारस नोंद, सासरच्यांनी काढून घेतलेली जमीन, मुलांची फी, सावकार. बाईला आधी रेशनकार्डावर नाव हवं होतं.

त्याच्या पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. मी या ठरावाकडे शोकसेवेतली मोठी घटना म्हणून पाहतो. कारण आपल्या तेरा दिवसांत जसा आधार आहे, तशी क्रूरताही आहे, आणि ती क्रूरता नेमकी सर्वांत जास्त आधाराची गरज असलेल्या माणसावर होते. वर्षभर रात्रंदिवस नवऱ्याची घाण काढलेल्या बाईचे हात पुढे ओढून दगडावर बांगड्या फोडायच्या, आणि वर ‘रडू द्या, मोकळी होईल’ म्हणायचं. हेरवाड ही ग्रामपंचायत होती. महापालिकेच्या हद्दीतल्या घाटांवर अजून हे होतं, आणि तिथे ठराव करायला ग्रामसभा नाही. ज्येष्ठ नागरिक संघातल्या दोन बायका उठून ‘हे करायचं नाही’ म्हणाल्या तरी पुष्कळ होईल.

स्वयंसेवकांकडून काय अपेक्षा आहे, ते पुढे सविस्तर आलं आहे. इथे एवढंच, की वीर इथे नकोत. आठवड्यातला एक तास ठरवून द्यावा आणि तो पाळावा. घरातल्या सुनेला त्या तासात झोपू द्यावं, दळण आणू द्यावं, नाहीतर नुसतं गच्चीवर जाऊ द्यावं. काढे, बुवा, ‘अमक्याला तमक्याने गुण आला’ हे घरी ठेवून यावं. सरकारी आरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत, घरी येणाऱ्या नर्सचा किंवा मावशींचा पगार त्यांत बसत नाही. म्हणून हवेची गादी, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर अशा वस्तू गल्लीने मिळून घ्याव्यात आणि फिरत्या ठेवाव्यात. दहाव्याच्या फ्लेक्सला जातो तेवढ्या पैशात एक चांगली गादी येते.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. घरात आत्ता दुखणारा माणूस असेल तर मॉर्फिनचं प्रकरण आज रात्रीच वाचावं आणि उद्या सकाळी डॉक्टरांशी बोलावं. अंथरुणाला खिळलेला असेल तर कूस बदलण्याचं आणि पाठीच्या जखमांचं प्रकरण, तेही घरातल्या दोघांनी मिळून, कारण एकट्याने उचलताना उचलणाऱ्याचीच कंबर जाते. कुणी नुकतंच गेलं असेल तर आधी शेवटची दहा पानं, दाखल्यांची, बँकेची आणि पेन्शनची. त्या पानांवर कडेला जागा सोडली आहे. तिथे आपल्या डॉक्टरांचा, शववाहिकेचा आणि रात्री उचलेल अशा एका शेजाऱ्याचा नंबर लिहून ठेवावा.